तांदळातलं नाव

माझा भाऊ आनंदा याला माणसं ताटकळत ठेवायची फार हौस. "सकाळी लवकर निघायचं, तयार राहा," असा निरोप त्यानंच धाडलेला, आणि ऊन ओट्यावर चढून घरात शिरायला लागलं तरी त्याच्या जीपचा पत्ता नव्हता. मी ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसले होते आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचा उद्धार करत होते.

"शाळेचा सचिव झाला म्हणून सूर्य काय ह्याला विचारून वर येतो? आमच्या आईला हा झाला तेव्हाच दोन दिवस अडून बसलेला. तेव्हापासनं जग ह्याच्यासाठी थांबलंय."

"येतील हो आत्या. वाटेत काही झालं असेल," वैजयंता आतून म्हणाली.

ती माझी सून, पण मला आत्याच म्हणायची. होतेच मी आत्या. आनंदाचीच थोरली लेक मी माझ्या विलासला करून आणली होती. मामाची मुलगी, हक्काची. परक्या घरची आणून तिची पारख करत बसण्यापेक्षा आपल्याच रक्ताची बरी, असा माझा विचार, आणि तो काही चुकला नाही. पोरगी सोन्यासारखी निघाली. तोंडानं जरा कमी, पण ती कमतरता ह्या घरात मी भरून काढत होते.

त्या दिवशी तिच्या मान्यतेची सुनावणी होती. मी चौथीतनं शाळा सोडलेली बाई. मला ह्यातलं कळायचं ते एवढंच, की शाळेत शिकवणं निराळं आणि 'ही बाई शिक्षिका आहे' असं सरकारनं म्हणणं निराळं. पहिलं काम वैजयंता माझा मोठा नातू पोटात होता तेव्हापासून करत होती. दुसरं अजून व्हायचं होतं. डी.एड. तिनं लग्नाआधीच केलेलं, तेही पहिल्या वर्गात. पण शाळेला अनुदान नाही म्हणून मान्यता नाही, आणि मान्यता नाही म्हणून पगार नाही, असं इतकी वर्षं चाललेलं. आता अनुदान आलं होतं. बाकीच्या मास्तरांचं आधीच मार्गी लागलं होतं. एक जागा राहिली होती आणि ती वैजयंताची, ह्यात कुणाला शंका नव्हती.

शाळा आनंदानं काढली असं बोर्डावर लिहिलंय. काढली त्यानंच, मी कुठं नाही म्हणते? पण त्यानं शाळा काढली ती माझ्या गावात, माझ्या जिवावर. भैरोबाच्या देवळाच्या मंडपात पहिला वर्ग भरला तेव्हा पोरं कुणी आणली? धनगरवाड्यापर्यंत मी गेले. पोरींच्या आयांशी भांडले. एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही तरी कुठं शिकलाय?" मी म्हटलं, "म्हणूनच आले. न शिकून काय होतं ते बघायचं असलं तर माझ्याकडं बघ, आणि उद्या पोरगी पाठव." तिनं पाठवली. पोरं मी आणायची आणि वैजयंतानं ती टिकवायची. एकदा तिच्या हाताखाली बसलेलं पोर घरी राहायला तयार नसायचं.

जीप आली. आनंदानं हॉर्न वाजवला, उतरला मात्र नाही.

"आलास? मला वाटलं सुनावणी पुढं ढकलली."

"अक्का, तुझं तोंड उघडलं की अडकित्ता चालल्यागत वाटतंय बघ. चाक पंक्चर झालं हुतं. चल, बस."

आनंदाच्या बोलण्याचे दोन प्रकार होते. घरातल्या माणसांशी बोलताना तो माझ्यासारखाच हाय-न्हाई करायचा. संस्थेचं बोलायचं असलं की एकदम आहे-नाहीवर यायचा, आणि मान जराशी ताठ व्हायची. मी त्याला त्यावरनं पुष्कळदा चिडवलेलं.

पुढच्या सीटवर त्याची सून रोहिणी बसली होती. धनंजयची बायको. लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. कडक इस्त्रीची साडी, खांद्यावर पदराला पिन, मांडीवर पर्स घट्ट धरलेली.

"ही कुठं?"

"तिला जरा बाजार करायचाय. गाडी जातीयच, म्हटलं चल."

"बरं. मग थोरल्या बहिणीला मागं बसवून सुनेला पुढं बसवायची नवी पद्धत हाय का तुझ्या घरात?"

रोहिणी गडबडीनं उतरायला लागली. आनंदा म्हणाला, "राहू दे, राहू दे, तिला मागं मळमळतंय." मी हसले. पोरीला दिवस गेले असतील असं माझ्या मनात आलं, आणि मी गुमान मागं बसले. वैजयंता माझ्या शेजारी, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन.

गाव सुटल्यावर तिनं पुढं वाकून विचारलं, "बाबा, नावाचं विचारतील का हो?"

"विचारू देत की. मी हाय न्हवं?"

नावाची गोष्ट सांगायला पाहिजे. वैजयंताचं माहेरचं नाव तारा. तारा आनंदराव जगदाळे. शाळेच्या दाखल्यावर, डी.एड.च्या सर्टिफिकेटावर, सगळीकडं तेच. पण माझ्या सासूबाईंचं नावही तारा, आणि लग्नाच्या वेळी त्या जिवंत होत्या, चांगल्या खणखणीत. ज्या घरात सासूचं नाव घ्यायचं नाही त्याच घरात सुनेला त्या नावानं हाक कशी मारायची? 'तारे, उठ, पाणी तापव,' असं मी म्हणायचं आणि सासूबाईंनी काठी घेऊन माझ्यामागं लागायचं! म्हणून लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं तेव्हा विलासनं अंगठीनं त्यात 'वैजयंता' लिहिलं. नाव मी निवडलेलं. आमच्याकडं सगळ्यांचंच असं होतं. माझंही झालं होतं. कुणी कचेरीत जाऊन सांगत बसत नाही, आणि सासरी आल्यावर जुनं नाव आठवायलाही कुणी नसतं.

शाळेत ती वैजयंता विलास शेडगे म्हणून शिकवत होती. हजेरीला सही तशीच करायची. विलास एसटीच्या डेपोत मेकॅनिक, चार लोकांत वावरणारा. त्याला कुणीतरी सांगितलं की नाव राजपत्रात छापून घ्या, नाहीतर पुढं अडचण येते. त्यानं फॉर्म आणला. तेव्हा आनंदा आमच्या सोप्यात बसून म्हणाला होता, "कशाला ती यातायात? राजपत्र हे परक्या माणसासाठी असतं. इथं शाळेचा सचिव मी आणि पोरीचा बाप मीच. मी सांगायचं आणि मीच ऐकायचं."

विलास म्हणाला, "मामा, उद्याचं काय सांगावं?"

त्यावर मीच विलासला गप्प केलं. "माझा भाऊ सांगतोय न्हवं? मग मिटलं."

लोक मला नंतर म्हणाले, अनुसयाबाई, तुम्ही इतक्या हुशार, कशा फसलात? मी त्यांना सांगत आले की मी पाठच्या भावावर विश्वास ठेवला. त्यात माझी मान खाली जावी असं काही नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बायामाणसांची दाटी होती. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, सगळ्यांची तोंडं परीक्षेला बसल्यासारखी. आनंदा लगेच आत गेला. त्याला तिथला शिपाईसुद्धा 'या साहेब' म्हणत होता. मला बरं वाटलं. आपलं माणूस असलं म्हणजे असं असतं, म्हणून मी शेजारच्या बाईला सांगितलंसुद्धा, "ते सचिव, ते माझे भाऊ."

रोहिणी काही बाजारात गेली नाही. बाकाच्या टोकाला बसून राहिली.

"अगं, बाजार करणार हुतीस न्हवं?"

"नंतर जाते. मामंजी म्हणाले थांब."

"मग खा काहीतरी. उपाशी बसू नको." मी दशमी आणि शेंगांची चटणी काढली. तिच्या हातावर ठेवली. तिनं घेतली, पण खाल्ली नाही, नुसती हातात धरून बसली. मी म्हटलं, "मळमळतंय का? मग चटणी नको, नुसती दशमी खा. माझ्या विलासच्या वेळी मला दशमीच चालायची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माहेरची आठवण झाली असेल. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

शिपायानं नाव पुकारलं. वैजयंता उठली. मीही उठले. शिपाई म्हणाला, "फक्त उमेदवार."

"मी उमेदवाराची सासू हाय आणि सचिवाची बहीण. मला कोण अडवतंय ते बघू." आणि शिरले आत.

साहेब माणूस बरा दिसला. दोरीला बांधलेला चष्मा, टेबलावर फायलींचा ढीग, चेहऱ्यावर थकवा. देशमाने नाव होतं त्यांचं. आनंदा बाजूच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसलेला. मी भिंतीच्या कडेला उभी राहिले.

"वैजयंता विलास शेडगे?"

"मी, साहेब."

"आणि तारा आनंदराव जगदाळे कोण?"

"तीही मीच."

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "सर्टिफिकेट तारा जगदाळेचं. शिकवलंय वैजयंता शेडगेनं. कागद बघितले तर बाई दोन आहेत. एक शिकलेली आणि एक शिकवणारी."

मला राहवलं नाही. "दोन कुठल्या वो साहेब? एकीलाच जेवू घालताना माझ्या नाकीनऊ येतात. नाव मी बदललं. माझ्या सासूचं नाव तारा, आता सुनेला त्याच नावानं शिव्या दिल्या तर त्या म्हातारीला लागणार न्हाईत का?"

साहेब हसले. खरंच हसले. "आजी, निम्म्या जिल्ह्याच्या बायकांची हीच गोष्ट आहे. पण मला हसून चालत नाही. राजपत्रात नाव छापलं नाही?"

वैजयंतानं आनंदाकडं बघितलं. "बाबा म्हणाले गरज नाही."

"बाबा म्हणजे?"

"हे. आमचे सचिव."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागं रेलले. "अहो जगदाळे, मग आधी नाही का सांगायचं? प्रश्नच मिटला. तुम्ही लिहून द्या, ही माझी मुलगी, लग्नाआधी तारा, लग्नानंतर वैजयंता, दोघी एकच. सही करा, संस्थेचा शिक्का मारा. राजपत्राचं नंतर जोडा. आज संध्याकाळी यादी वर जाते, त्यात धरतो. कायदा थोडा वाकेल, पण बापानं सांगितल्यावर मला आणखी काय पाहिजे?"

मी देवाचं नाव घेतलं. वैजयंताच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला पाठीमागनंही दिसला.

आनंदानं पायावरचा पाय खाली घेतला. मग खाकरला. मग मान ताठ झाली.

"साहेब, मी इथं संस्थेचा सचिव म्हणून आलो आहे. संस्थेच्या दप्तरात अशी कुठलीही नोंद नाही. घरगुती नातं पुढं करून मान्यता घेतली, असं उद्या कोणी म्हटलं तर संस्थेच्या नावाला बट्टा लागेल."

साहेबांना ते लगेच कळलं नसावं. मलाही नाही. मला वाटलं, हा काहीतरी कायद्याचं बोलतोय, आता सही करील.

"म्हणजे ही तुमची मुलगी नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग आहे म्हणा."

"घरात आहे, साहेब. इथं मला तसं म्हणता येणार नाही."

"बाबा," वैजयंता म्हणाली. एवढंच. मोठ्यानंही नाही.

मी पुढं झाले. "आनंदा, काय बोलतोयस? वात झालाय का तुला? साहेब, मी सांगते. मी हिची आत्या. हिच्या बारशाला पाळण्यात नाव मीच सांगितलं, लग्नात दुसरं नाव बी मीच दिलं. दोन्हीला मी साक्षीदार. कुठं अंगठा लावू? न्हाई, सही येते मला. कुठं करू?"

साहेब उठून उभे राहिले. त्या माणसानं मला मान दिला, खोटं का बोलू? म्हणाले, "आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण तुमचं नाव ह्या कागदांवर कुठंच नाही. जन्माचं नाव बापानं सांगायचं असतं, नाहीतर संस्थेनं. दोन्ही तेच आहेत, आणि तेच नाही म्हणतायत." मग आनंदाकडं वळले. त्यांचा आवाज बदलला होता. "जगदाळे, मग ही जागा रिकामी पाठवू?"

"तशी वेळ येणार नाही. संस्थेनं पर्यायी प्रस्ताव आणला आहे. उमेदवार बाहेर हजर आहे."

शिपायानं दार उघडून नाव पुकारलं. "रोहिणी धनंजय जगदाळे!"

ती आत आली. हातातली दशमी कुठंतरी ठेवून आली होती. पर्स उघडून तिनं कागद काढले, एकाखाली एक नीट लावलेले, डी.एड.चं सर्टिफिकेट सगळ्यांत वर. साहेबांनी एकेक बघितला. विचारण्यासारखं काही सापडलं नाही त्यांना.

आणि मग मला तिचं लग्न आठवलं. तांदळाचं ताट पुढं आणलं होतं, धनंजय हातात अंगठी घेऊन तयार, करवल्या 'काय नाव, काय नाव' म्हणून गलका करत होत्या, आणि आनंदानं स्वतः उठून ते ताट बाजूला सारलं होतं. "आमच्यात आता नाव बदलायचं न्हाई. पोरीचं हाय तेच चांगलं हाय." सगळ्या मांडवानं कौतुक केलं. मी तर सगळ्यांत जास्त. माझा भाऊ किती सुधारलेला, म्हणून मी व्याह्यांना दोनदा सांगितलं. त्याच आठवड्यात त्यानं त्या दोघांना नेऊन लग्नाची नोंदही करून घेतली होती.

म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं. नाव बदललं की काय होतं, कुठं अडतं, कशानं सुटतं, सगळं. सुनेच्या बाबतीत त्यानं आधीच वाट मोकळी करून ठेवली. लेकीच्या बाबतीत विलासनं आणलेला फॉर्म माझ्याच सोप्यात बसून बाजूला ठेवायला लावला. आणि विलासनं तो फॉर्म बाजूला ठेवला तेव्हा मी आनंदाला दुसऱ्यांदा चहा विचारला होता.

वैजयंतानं आपले कागद गोळा केले. पिशवीत घातले. साहेबांना नमस्कार करून बाहेर पडली. रोहिणीच्या शेजारनं जाताना क्षणभर थांबली आणि तिचा पिनेतनं सुटलेला पदर सरळ केला. का केला, ते मला आजही सांगता येणार नाही.

आनंदा आम्हाला जीपपाशी भेटला. रोहिणी गाडीत जाऊन बसली होती, काच वर करून. आवारात वडाच्या पारावर चहावाला होता, माणसं उभी होती. आनंदानं आधी इकडंतिकडं बघितलं, मग मला म्हणाला, "अक्का, तू रागावणार हे मला ठाऊक हुतं. पण जरा डोकं शांत ठेवून ऐक."

"ऐकते. बोल."

"ताराला मान्यता मिळाली तर पगार कुणाच्या घरात जाणार? शेडग्यांच्या. तुझ्या. मी इतकी वर्षं संस्था चालवली, ती काय माझ्या घरात काहीच न येण्यासाठी? धनंजय काही करत न्हाई, तुला दिसतंय. घर कशावर चालणार माझं? ताराचं काय, विलासची नोकरी हाय, तुझी शेती हाय. तिचं अडत न्हाई."

"आणि शाळेत शिकवणार कोण?"

"तेच तर सांगतोय. ताराच शिकवंल की. तिला कोण नको म्हणतंय? रोहिणीला अजून पोरांची सवय न्हाई, गोंगाट सोसत न्हाई तिला. सही रोहिणी करंल, वर्ग तारा बघंल. पोरं तिचंच ऐकतात. घरातल्या घरात हाय सगळं."

"घरातल्या घरात? आणि आत साहेबापुढं घर निराळं आणि कचेरी निराळी हुती ती?"

"अक्का, तिथं तसं बोलावं लागतं. तुला कळायचं न्हाई ते."

"माझ्या पोरीच्या जागी शिक्षिका म्हणून दुसरीला उभी करायची, आणि दुसरीच्या जागी माझ्या पोरीनं राबायचं, हे मला कळायचं न्हाई? चौथी शिकलेय मी, आनंदा. त्यात एवढं बसतं."

"तुझी पोरगी?" तो जरासा हसला. "तीच तर गोष्ट हाय बघ. तू तिला तुझी म्हणतीस. मग मी तिच्यासाठी माझं घर का बुडवू?"

वैजयंता आता पुढं आली. डोळे कोरडे होते.

"बाबा, एक विचारू? मी तारा आहे का नाही?"

"काय खुळ्यागत विचारतीस?"

"आत तुम्ही सांगितलं नाहीत. इथं साहेब नाहीत, शिक्का नाही, यादी नाही. इथं तरी सांगा. मी तुमची तारा आहे का नाही?"

आनंदानं पाराकडं बघितलं. चहावाल्याचा हात थांबला होता. "हळू बोल गं," तो म्हणाला. "लोक बघायला लागलेत."

तिनं थोडा वेळ वाट बघितली. खरंच बघितली, अजूनही तो काही म्हणेल म्हणून. मग मान हलवली, जणू वर्गातल्या एखाद्या पोराला उत्तर येत नाही हे तिला कळलं होतं आणि तिनं त्याला खाली बसायला सांगितलं होतं.

पुढं विलासनं धावपळ करून तिचं नाव राजपत्रात छापून आणलं. तिला मान्यता मिळाली, पण ती दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत, केसांत पांढरं दिसायला लागल्यावर. आनंदाच्या शाळेत ती त्या दिवसानंतर पाऊल टाकायला गेली नाही. पोरं कितीतरी दिवस आमच्या ओट्यावर दप्तरं घेऊन येऊन बसायची, मी त्यांना हाकलायची आणि मग गुळशेंगा द्यायची. ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आवारात आम्ही तिघंच समोरासमोर उभे होतो आणि आनंदानं जीपचं मागचं दार उघडलं.

"चल अक्का, बस. घरी गेल्यावर बोलू. तू आता काय म्हणणार हेही मला ठाऊक हाय. म्हणशील, आजपासनं तू माझा भाऊ न्हाईस. म्हण. चार दिवसांनी राग गेला की येशील."

मी वैजयंताच्या हातातली पिशवी माझ्या हातात घेतली. जीपचं दार आपल्या हातानं लावलं. पारावरच्या माणसांना नीट ऐकू जावं म्हणून डोक्यावरचा पदर जरा मागं घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"न्हाई आनंदा, मी तसं म्हणणार न्हाई. आपलं माणूस असून न्हाई म्हणायचं, हे तुला जमतं, मला न्हाई जमायचं. तू माझा सख्खा भाऊ हायस. मी मरेपर्यंत हायस. बाजारात, लग्नात, मयताला, कुणीही विचारलं तर मी सांगणार, हा माझ्या पाठचा भाऊ, आणि ही ह्याची पोटची पोर, आणि साहेबानं विचारलं तवा ह्यानं तिला वळखली न्हाई. तुला सोडून दिलं तर तू सुटशील. मी सोडणार न्हाई. जिथं जाशील तिथं तू हिचा बापच राहणार, आणि ते सांगायला मी तिथं असणार."